मोटर नाही जळाली, ८६,५०० रुपये जळाले

सातारा हायवेवरच्या, हायब्रिड (पेट्रोल अधिक वीज) गाड्यांच्या एका ‘स्पेशालिस्ट’ने मला ८६,५०० रुपयांना गंडवलं. ७२,००० सेकंडहँड ट्रान्सॲक्सल (मोटर आणि गिअर एकत्र असलेला भाग), ११,००० मजुरी, ३,५०० ऑइल. खरा बिघाड होता इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) कूलंट पंपात, म्हणजे थंड ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या पंपात. तो नंतर पुण्यात ९,४०० रुपयांत बदलून मिळाला, कूलंटसकट.

खंबाटकी चढताना ओव्हरहीटचा दिवा लागला, गाडीतलं बळच गेलं. इंजिनाचा काटा मात्र नॉर्मल. (मोटर-इन्व्हर्टरचं कूलिंग वेगळं असतं, त्याला काटाच नाही.) संध्याकाळी गाडी टो करून गॅरेजला. सकाळी त्याने स्कॅनर नाचवला: कोड पी०ए२एफ, ड्राइव्ह मोटर ओव्हरहीट. खाली आकडा १६२ अंश. “बघा साहेब, आत्तासुद्धा किती तापलीये. आतून जळाली.”

आत्तासुद्धा! रात्रभर उभी गाडी, बॉनेट हाताला गार, आणि मोटर म्हणे १६२! तो फ्रीझ फ्रेमचा आकडा होता, आदल्या दिवशी कोड पडला त्या क्षणी साठवलेला. लाइव्ह डेटा उघडला असता तर गार गाडीत मोटर, इन्व्हर्टर, बाहेरची हवा, सगळं जवळपास सारखंच दिसलं असतं. आठवलं की तिडीक जाते. पण आईची डॉक्टरची वेळ निघून चाललेली, हा फाडफाड बोलतोय. डॉक्टरने एक्स-रे दाखवला तर तुम्ही त्यावरची तारीख बघता का?

कोड पुसला, पैसे घेतले. सपाटीला गाडी मस्त. पसरणी घाटात पुन्हा तेच! पुण्याच्या मेकॅनिकने खालून टॉर्च मारला, तर ट्रान्सॲक्सलच्या बोल्टांवर कंपनीचे रंगाचे ठिपके शाबूत. पानाच लागला नव्हता. मग गाडी रेडीत (चालू) ठेवून इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी दाखवली. कूलंट ढिम्म, म्हणजे पंप बंद. बघायला एवढंच लागतं, फक्त गाडी गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका आणि नारिंगी केबलींना हात लावू नका.

जुना पार्ट मागाच. ‘कंपनीला परत जातो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. न्याय संहितेचं ३१८ कलम काढलं (जुनं ४२०), तर “तुम्ही वकील का?” मग हद्दीचा घोळ: गाडी बंद पडली एकीकडे, गॅरेज दुसरीकडे. अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला! आरटीओ म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? आणि सगळ्यांना हवं पक्कं बिल! चोर पक्कं बिल देतो का? माझ्याकडे जीएसटी नंबर नसलेला कागद आहे. यूपीआयने दिले म्हणून निदान पुरावा उरला, रोख कधीच देऊ नका.

२०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. बोल्टांचे फोटो जोडून तक्रार टाकलीय.