घरी रूट बिअर करताना: अर्क की मुळे, यीस्ट की सोडा?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या आग्रहामुळे कधीतरी रूट बिअर, म्हणजे मुळे-सालींच्या चवीचे तिथले गोड, फसफसणारे पेय, घरीच करून पाहण्याचा बेत ठरतो आणि मग पाककृती वाचता वाचता गोंधळ उडतो, कारण बहुतेक पाककृती दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे एकत्र करून टाकतात. चव तयार अर्कातून घ्यायची की मुळे आणि साली उकळून, हा पहिला प्रश्न. आणि पेयातला वायू यीस्टकडून बाटलीतच तयार करून घ्यायचा की बाहेरून सोडा मिसळायचा, हा दुसरा. अर्कही आंबवता येतो आणि मुळांच्या काढ्यातही सोडा ओतता येतो, त्यामुळे दोन्ही निर्णय वेगवेगळे घेतलेले बरे.

चवीच्या बाबतीत अर्क वापरणे म्हणजे पळवाट, असे मानण्याचे कारण नाही. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी 1876 च्या तिथल्या प्रदर्शनात रूट बिअर लोकांपुढे आणली, आणि त्यांचा सुरुवातीचा व्यवसाय घरी पेय करण्यासाठीच्या कोरड्या मिश्रणाच्या पुड्यांचा होता. म्हणजे तयार मिश्रणावरून घरी रूट बिअर करणे ही जुनीच रीत आहे. अर्काने दर वेळी सारखी चव येते आणि दोन लिटरला साधारण एक मोठा चमचा पुरतो.

मुळांपासून करायचे तर सार्सापरिला, ज्येष्ठमध, आले, चक्रीफूल, व्हॅनिला आणि विंटरग्रीनची पाने अर्धा तास मंद आचेवर उकळून गाळावी लागतात. त्यात थोडी काकवी घातली की रंग आणि खोली दोन्ही येतात. मूळची चव सॅसाफ्रास या झाडाच्या मुळाच्या सालीची होती, पण तिच्यातल्या सॅफ्रोल या घटकामुळे प्रयोगातील उंदरांना यकृताचा कर्करोग झाल्याचे दिसल्यावर 1960 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. म्हणून जुनी पाककृती हाती आली तरी ही साल वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर ज्येष्ठमध आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर विंटरग्रीन टाळावे. विंटरग्रीन हे आपल्या गंधपुऱ्याच्याच कुळातले झुडूप, आणि पहिल्या घोटाला अनेक भारतीयांना दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाची आठवण होते ती त्याच्यामुळेच. ज्यांना हा वास सोसत नाही त्यांना मुळांचा मार्ग अधिक सोयीचा, कारण त्यात विंटरग्रीन कमी करता येते. अर्कातून ते काढता येत नाही.

खरा विचार करावा लागतो तो वायूचा. यीस्टच्या पद्धतीत दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत एक कप साखर, अर्क, पाव छोटा चमचा यीस्ट आणि कोमट पाणी घालून, वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून झाकण घट्ट लावतात. तीन-चार दिवसांत, उन्हाळ्यात त्याआधीही, बाटली दाबली तरी दबेनाशी झाली की ती लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. यीस्ट लिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपासच साखर वापरते, त्यामुळे गोडी टिकते, पण त्याच हिशेबाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास मद्यार्कही तयार होतो. मद्यार्क पूर्णपणे वर्ज्य असलेल्या घरांनी ही पद्धत निवडू नये. काचेच्या बाटल्या नवशिक्यांनी वापरूच नयेत: आतला दाब हाताला कळत नाही, आणि बाहेर विसरलेली बाटली फुटली तर काचा चारही बाजूंना उडतात. फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त मंदावते. तेव्हा बाटल्या काही आठवड्यांत संपवाव्यात.

सोड्याच्या पद्धतीत हे काहीच नाही. साखरेचा पाक करून त्यात अर्क मिसळायचा, तो पूर्ण गार करायचा आणि पिण्याच्या वेळी थंडगार सोड्यात हलक्या हाताने ढवळायचा. पाक कोमट राहिला तर सगळा वायू फेसाबरोबर निघून जातो. घरी सोडा करण्याचे यंत्र असेल तर आधी साध्या पाण्यात वायू भरावा आणि पाक नंतर घालावा. गोडी प्रत्येकाच्या पेल्यात कमी-जास्त करता येते, हा मोठा फायदा. उणीव एवढीच की यीस्टमुळे येणारी पावासारखी मंद चव आणि बारीक, टिकाऊ बुडबुडे यात मिळत नाहीत.

दिवाळीच्या जेवणाला तीस माणसे येणार असतील तर मी अर्क आणि सोडा हीच जोडी सुचवेन. चार दिवस हाताशी असतील आणि मुलांना बाटली रोज दाबून पाहण्याची उत्सुकता असेल, तर अर्क आणि यीस्ट. मुळांचा काढा मात्र आधी सोड्यातच चाखावा आणि चव जमल्यावरच आंबवायला घ्यावा, म्हणजे बिघडलेल्या काढ्यासाठी चार दिवस वाया जात नाहीत. भारतात राहून करणाऱ्यांना सार्सापरिलाऐवजी आपली उपळसरी घेता येईल. वनस्पती वेगळी आहे, पण तिच्या मुळाला व्हॅनिलाच्या जवळ जाणारा सुगंध असतो आणि दक्षिणेत नन्नारी या नावाने तिचे सरबत घरोघरी होते.