पायथन की लिब्रेऑफिस: दस्तऐवजीकरणातले पहिले योगदान कुठे द्यावे?

मुक्तस्रोत प्रकल्पाला हातभार लावायचा आहे, पण कोड लिहिण्याची तयारी नाही, अशा व्यक्तीला सहसा दस्तऐवजीकरणापासून सुरुवात करायला सांगतात. सल्ला योग्य आहे; मात्र हे काम प्रत्येक प्रकल्पात वेगळ्या रीतीने चालते आणि त्यासाठी लागणारी कौशल्येही वेगळी असतात. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामांचा सॉफ्टवेअरसंच यांच्याकडे पाहिले की हा फरक स्पष्ट होतो.

पायथनचे दस्तऐवजीकरण कोडच्याच भांडारात राहते. मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खूणपद्धतीत लिहिलेला असतो आणि स्फिंक्स त्याची वेबपाने तयार करते. स्फिंक्स हे साधन मुळात पायथनच्या दस्तऐवजीकरणासाठीच घडवले गेले. त्यामुळे साधे वाक्य बदलायचे झाले तरी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवणे आणि योगदानकर्त्याच्या करारावर सही करणे क्रमप्राप्त ठरते. शुद्धलेखनाच्या चुकीसाठी आधी वेगळी नोंद करावी लागत नाही, पण आशयात बदल करायचा असेल तर खरी परीक्षा अचूकतेची असते. उदाहरणार्थ, यादीवर ‘सॉर्ट’ चालवल्यावर मूळ यादीच क्रमाने लागते आणि हाती ‘नन’ (काहीच नाही असे दर्शवणारे मूल्य) येते, यात नवशिके हमखास अडखळतात. हे अधिक स्पष्ट करावे असे वाटले, तर तो खुलासा पाठ्यपुस्तिकेत शोभेल, लायब्ररीच्या (तयार कोडसंग्रहाच्या) संदर्भपानांत की एखादे काम कसे करावे ते सांगणाऱ्या ‘हाउ-टू’मध्ये, हे ठरवावे लागते, आणि शोध घेतल्यावर तो नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर आधीपासूनच आहे असे लक्षात येते. वाक्य सुंदर करण्यासाठी केलेले घाऊक बदल येथे सहसा स्वीकारले जात नाहीत, आणि ते रास्तही आहे, कारण प्रत्येक बदल तपासण्यात कोअर डेव्हलपरांचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रामरांचा, वेळ जातो. बदल मूळ मजकुरात विलीन करण्याचा अधिकार त्यांचाच असल्याने लहान दुरुस्तीलाही कधी कधी बरीच वाट पाहावी लागते.

लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिकांचे काम याच्या जवळजवळ उलट आहे. रायटर (लेखन), कॅल्क (हिशेबतक्ते), इम्प्रेस (सादरीकरण), बेस (डेटाबेस) यांच्या मार्गदर्शिका रायटरमध्येच, ओडीटी या त्याच्या फाइलींच्या रूपात लिहिल्या जातात. एक स्वयंसेवक एक अध्याय घेतो, बदलांची नोंद ठेवणारी सोय सुरू करून मजकूर नव्या आवृत्तीशी ताडून पाहतो, बदललेल्या मेनूंची चित्रे नव्याने घेतो आणि तो अध्याय दुसरा सदस्य तपासतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाचा संबंध येत नाही. मात्र ठरलेल्या स्टाइल्स (शीर्षक, परिच्छेद यांच्या तयार मांडण्या) काटेकोरपणे वापराव्या लागतात, शीर्षक हाताने ठळक करून भागत नाही. लिब्रेऑफिसच्या मुख्य आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे मार्गदर्शिका कायम पाठलागावर असतात आणि माणसांची गरजही कायम असते. योगदानकर्त्यांची नावे मार्गदर्शिकेच्या कॉपीराइट पानावर छापली जातात. प्रोग्राममधून उघडणारे मदत-पान मात्र वेगळे: ते एक्सएमएल या खूणभाषेवर आधारित फाइलींत असते आणि त्याचे बदल गेरिट या कोड तपासण्याच्या साधनावर तपासले जातात, म्हणून ते काम पायथनच्या वळणाचे आहे.

मराठी वाचकासाठी लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक वाट आहे. त्याच्या इंटरफेसचे भाषांतर वेबलेट या ऑनलाइन भाषांतर-साधनावर ब्राउझरमध्येच करता येते आणि मराठी ही त्यातली एक भाषा आहे. मार्गदर्शिकांचे मूळ लेखन इंग्रजीत चालते, त्यामुळे ज्याचे इंग्रजी लेखन कच्चे आणि मराठी पक्के आहे, त्याने आधी तिकडे वळावे.

माझे मत विचाराल, तर संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पायथन निवडावे, कारण पुल रिक्वेस्ट, तपासणी आणि प्रश्नांना शांतपणे उत्तर देणे ही सवय पुढे प्रत्येक नोकरीत लागते. शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी, मुद्रणाचे काम जाणणारे यांनी लिब्रेऑफिसकडे जावे. तिथे त्यांचे वापरकर्त्याचे ज्ञान थेट उपयोगी पडते आणि ते प्रोग्रामरच्या ज्ञानापेक्षा कमी प्रतीचे मुळीच नाही. वेळेचा हिशेबही आधीच करावा. पायथनमधली दुरुस्ती एका बैठकीत पाठवता येते, लिब्रेऑफिसचा अध्याय अनेक संध्याकाळी मागतो. पायथनसाठी आधी आपल्या संगणकावर पाने तयार करून पाहावीत. लिब्रेऑफिससाठी दस्तऐवजीकरण गटाला परिचय कळवून कोणता अध्याय मोकळा आहे ते विचारावे, आणि घेतलेला अध्याय जमणार नसेल तर तसे लगेच सांगावे, म्हणजे दुसऱ्याला तो घेता येतो.