प्रोजेक्टला आवाज द्यायचाय: एलएम३८६, पीएएम८४०३ की मॅक्स९८३५७?

या तिन्ही स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायर चिपा. मॉड्यूलवर ३ वॉट छापलंय म्हणून ते उचलू नका. तुमच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डातून आवाज कुठल्या रूपात बाहेर पडतो ते आधी बघा: अॅनालॉग (सलग बदलणारा व्होल्टेज), पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारी पिन) की आयटूएस (आवाजाचा डिजिटल डेटा). निम्मी निवड तिथेच होते. पिनला थेट स्पीकर लावायचा विचार सोडाच. ५ व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर सहाशे मिलिअँपिअरहून जास्त मागतो आणि आर्डुइनो ऊनोची पिन फार तर ४० सोसते.

एलएम३८६ जुनी, आठ पायांची अॅनालॉग चिप. ४ ते १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या रेडिओला किंवा माइकच्या सर्किटला बरी. ५ व्होल्टवर मात्र पाव वॉटच्या आसपासच मिळतं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, मुळात २०. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड टाकला की २००. ब्रेडबोर्डवर २०० ठेवलात तर ती हमखास शिट्टी मारते, कारण लांब तारांमधून आउटपुट परत इनपुटमध्ये शिरतं. पिन ५ ते ग्राउंड ४७ नॅनोफॅरड आणि १० ओहम सीरीजमध्ये, पिन ७ वर १० मायक्रोफॅरड आणि पिन ६ ला अगदी खेटून १०० नॅनोफॅरड लावा. स्पीकर २२० मायक्रोफॅरडमधूनच जोडा. पिन ५ वर निम्मा सप्लाय कायम असतो. कपॅसिटर नसेल तर तो डीसी सरळ कॉइलमध्ये जातो.

पीएएम८४०३ क्लास डी (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून कमी वीज वाया घालवणारी), स्टिरिओ, ५ व्होल्टची. ४ ओहमवर दर बाजूला ३ वॉट हा आकडा १० टक्के विकृतीचा आहे; स्वच्छ आवाज त्याच्या बराच अलीकडे संपतो. आउटपुटला कपॅसिटर लागत नाही, कारण स्पीकरच्या दोन्ही तारा चिपच चालवते. म्हणूनच स्पीकरची उणे तार ग्राउंडला लावायची नाही, डाव्या-उजव्या बाजूच्या उणे ताराही एकत्र करायच्या नाहीत. पीडब्ल्यूएम देणार असाल तर मध्ये १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर घाला (सुमारे १६ किलोहर्ट्झ), त्यापुढे १० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर). नाहीतर ५ व्होल्टचा सिग्नल या चिपला झेपत नाही, नुसती खरखर येते.

बोर्ड ईएसपी३२-एस३ किंवा सी३ असेल तर त्यांत डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारा भाग) नसतोच. मग मॅक्स९८३५७ घ्या. बीसीएलके, एलआरसी, डीआयएन या तीन तारांतून डिजिटल आवाज जातो, बोर्डाची गुणगुण त्यात मिसळत नाही. गेनची पिन मोकळी सोडली तर ९ डेसिबल, ग्राउंडला जोडली तर १२. अजिबात आवाज नसेल तर दोन गोष्टी तपासा: बीसीएलके-एलआरसीची अदलाबदल आणि ग्राउंडला गेलेली एसडी (चिप बंद करणारी) पिन. ऊनोकडे आयटूएस नाही, तिथे ही निरुपयोगी.

ठरावीक एमपी३ फायलीच वाजवायच्या असतील तर या तिन्ही सोडा, डीएफप्लेअर मिनी हे एमपी३ वाजवणारं मॉड्यूल घ्या. अॅम्प्लिफायर त्यातच आहे. त्याच्या आरएक्स (बोर्डाकडून डेटा घेणाऱ्या) तारेत १ किलोओहम टाका, टकटक कमी होते.

आवाज वाढवला की बोर्ड रीसेट होतोय? तो दोष बहुतेक वेळा सप्लायचा असतो. अॅम्प्लिफायरच्या सप्लाय पिनांवर ४७० ते १००० मायक्रोफॅरड बसवा आणि अॅम्प्लिफायरच्या सप्लायच्या दोन्ही तारा ब्रेडबोर्डवरून न फिरवता थेट सप्लायपासून आणा.

आवाज पातळ वाटत असेल तर चिप बदलण्याआधी स्पीकर बंद डबीत घट्ट बसवून पाहा. उघड्या स्पीकरच्या मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते, आणि आधी खर्जच जातो.