केंद्राचा फॉलोअप की एनएची मीटिंग?

व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचा भाऊ, नाहीतर बहीण. दोन-तीन महिन्यांतून असा एखादा फोन येतोच. प्रश्न ठरलेला असतो. "केंद्रवाले दर रविवारी फॉलोअपला बोलावतात, आणि एक जण म्हणतोय एनएला पाठवा. कुठे पाठवू?" एनए म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, नशा सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या मीटिंगा. मी दोन्हीकडे बसलोय. ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, सुटून नऊ वर्षं झाली. फोनवर जे घाईत सांगतो तेच इथे जरा सावकाश सांगतो.

आधी एएचं, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं, उरकून घेऊ. एनए लांब असते आणि एए गल्लीच्या तोंडाशी असते, म्हणून पुष्कळ गर्दुल्ले आधी तिथे जातात. मीही गेलो. मीटिंग मराठीत, घरापासून चालत सात मिनिटं. 'ओपन' मीटिंगला कोणीही बसू शकतं आणि माणसं फार मायाळू. पण तिथल्या गोष्टी गुत्त्याच्या, माझी पन्नीवर गर्द ओढण्याची. टर्कीत, म्हणजे गर्द तुटल्यावरच्या त्रासात, रात्रभर पाय कसे झाडत राहायचो हे सांगायला लागलो की समोरच्या काकांच्या चेहऱ्यावर कळवळा दिसायचा, पण 'अरे, माझंही हेच' असं काही दिसायचं नाही. व्यसनातून बाहेर यायच्या एएच्या पायऱ्यांतली पहिली दारूपुढची हतबलता कबूल करायला लावते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात एनए उभी राहिली तेव्हा पायऱ्या जवळजवळ तशाच घेतल्या, पहिल्या पायरीत मात्र दारूच्या जागी 'आमचं व्यसन' आलं. तेवढ्या बदलाने गर्द, गांजा, खोकल्याचं औषध, एमडी (मेफेड्रोन) आणि दारू, सगळे एका खोलीत बसू लागले. पावडर सुटली, आता अधूनमधून बिअर चालेल का, असं मी बाहेर तीन जणांना विचारलं होतं. तिघांनी तीन उत्तरं दिली. एनएत विचारलं तर सगळे हसले. हसण्यातच उत्तर आलं.

तेव्हा गर्दवाल्याने निवडायचं ते केंद्राचा फॉलोअप आणि एनए यांतलं.

फॉलोअपच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे आणि ते मी मनापासून बोलतो. हजेरीचं रजिस्टर असतं. दोन रविवार दांडी मारली की फोन येतो. चौथ्या महिन्यात मी जायचं बंद केलं होतं. सोमवारी संध्याकाळी फोन आला, आणि त्या फोनमुळेच पुढच्या रविवारी गेलो. एनएत तुम्ही महिनाभर उगवला नाहीत तर एखाद्याला चुकल्यासारखं वाटेल, पण वहीत नाव शोधणारं कोणी नाही. केंद्रात डॉक्टर असतो, झोप लागत नाही म्हटलं तर तिथल्या तिथे काहीतरी होतं. बोलणं मराठीत. आणि केंद्र म्हणजे फक्त पगारी माणसं असंही नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे नव्या आलेल्यांना सांभाळायला उभी राहिली. माझं केंद्र ते नव्हे, दुसऱ्या गावातलं. पण मलाही पहिल्या आठवड्यात आंघोळीला ओढत नेणारा माणूस सहा वर्षं पावडर ओढून आलेलाच होता.

मग बिनसलं कुठे? फायलीपाशी.

आमच्या फॉलोअपला गोल करून बसायचे. बहुतेकांच्या शेजारी आई नाहीतर बायको. समोर सर, म्हणजे केंद्राचे समुपदेशक, त्यांच्या मांडीवर निळ्या फायलींची चळत. तुमची पाळी आली की तुमची फाईल वर यायची. बोलताना पेनाचा आवाज ऐकू यायचा. एका रविवारी बायकोला बरं नव्हतं म्हणून एकटाच गेलो होतो, आणि एकटा होतो म्हणूनच खरं बोललो. पगाराच्या दिवशी स्टेशनच्या पुलावर, जिथे पुडी मिळायची त्या जिन्यापाशी, मी दहा मिनिटं उभा राहिलो होतो. घेतली नाही. खिशात पैसे होते, पाय हलत नव्हते, मग लोकल आली आणि मी धावत गेलो. एवढंच. सर म्हणाले, "छान, प्रामाणिकपणे सांगितलंत," आणि लिहून घेतलं.

घरी पोचलो तर आई दारात. बायको आतल्या खोलीत रडतेय. एटीएम कार्ड कपाटातून गायब. मेहुणा दुसऱ्या दिवसापासून मला ऑफिसला सोडायला येणार असं ठरलेलं. सरांनी काळजीपोटीच फोन केला होता, त्यांचा हेतू वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण पुडी न घेतल्याची शिक्षा घेतल्यासारखीच झाली. त्यानंतर सहा रविवार माझ्या फाईलमध्ये एकच वाक्य गेलं असेल, 'सगळं ठीक आहे'. आणि ठीक काहीही नव्हतं.

सातव्या आठवड्यात एनएला गेलो. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चौथीच्या मुलांचे बाक, गुडघे पोटाशी. फळ्यावर सकाळचा गुणाकार तसाच. पाळी आल्यावर तेच पुलाचं सांगितलं. कोणी काही बोललं नाही, लिहिलं तर अजिबात नाही. "थँक यू" म्हणाले आणि पुढच्या माणसाची पाळी. एनएत मधे कोणी सल्ला देत नाही, हा रिवाजच आहे. मला आधी तो कोरडा वाटला. मीटिंग सुटल्यावर चहाच्या टपरीवर एक पांढऱ्या दाढीवाले भाई शेजारी येऊन उभे राहिले. "कौनसा ब्रिज? बीचवाला? मेरा भी वही था." मग म्हणाले, पुढच्या पगाराला फोन कर, बरोबर ओलांडू. खरंच आले. पुलावरून जाताना ते गुडघेदुखीबद्दल बोलत होते.

आता एनएत जे खटकतं तेही ऐका. माझ्या भागातल्या मीटिंगा हिंदी-इंग्रजीत चालतात. गावाकडून आलेला माणूस पहिले दोन-तीन वेळा गप्पच बसतो. शेवटी प्रार्थना असते, 'हायर पॉवर', म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती, असते. देव मानायलाच हवा असं नाही, पण नास्तिकाला घसा खाकरावा लागतो. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हाताशी धरणारा जुना माणूस, चांगला मिळणं थोडंफार नशिबावर. बायका कमी दिसतात. बहिणीसाठी विचारत असाल तर शहरात बायकांची वेगळी मीटिंग आहे का ते आधी पाहा. २०२० नंतर ऑनलाइन मीटिंगा बऱ्याच झाल्या. गावात काहीच नसेल तर त्या जरूर धरा, मला मात्र त्यांत टपरी सापडत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. तुमचा माणूस गर्दच्या ओढीवर डॉक्टर देतात त्या जिभेखाली ठेवायच्या गोळीवर, म्हणजे बुप्रेनॉर्फिनवर असेल, तर काही एनए गटांत त्याला 'क्लीन', म्हणजे नशामुक्त, मानत नाहीत. ऐकू देतात, शेअरिंग करू देत नाहीत. क्लीन राहिल्याबद्दल एनएत मिळणाऱ्या की-टॅगच्या मोहात त्याने मनाने गोळी बंद करता कामा नये. शरीराची सवय मोडलेली असते, तेव्हा घसरून जुन्याच मापाने घेतली तर जीव जाऊ शकतो. गोळीचा निर्णय डॉक्टरचा. अशा माणसाला मी आधी फॉलोअपलाच पाठवीन, एनए त्याच्या जोडीला.

घरच्यांचा हिशेब वेगळा निघतो. माझ्या बायकोला विचाराल तर ती केंद्राच्या बाजूची. तिथे तिला तिच्यासारख्या बायका भेटल्या. मुक्तांगणात 'सहचरी' आहे, तसाच छोटा गट आमच्याकडेही होता. एनए तिच्यासाठी नाहीच. 'आम्हाला ठेवलंस बाहेर उभं,' असं ती अजून म्हणते, आणि तिचं चूक नाही.

तेव्हा पहिले तीन-चार महिने दोन्ही करा. रजिस्टरला कंटाळेपर्यंत रजिस्टर हवंच असतं. पुढे एकच जमणार असेल तर, मला विचारलंत म्हणून सांगतो, मी एनएच धरीन. अगदीच कुठे हात पोचत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र तिथे विचारता येतं.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा. वॉचमनला 'व्यसनमुक्तीची मीटिंग कुठे' असं विचारत बसू नका, त्यालाही बहुधा माहीत नसतं. ज्या वर्गाबाहेर पाच-सहा मोठी माणसं उगाच उभी दिसतील, तिथे शिरा. की-टॅग वाटतात तेव्हा पांढरा पहिल्यांदा आलेल्याचा, तो हात वर करून घ्यायचा. माझा घरच्या कपाटाच्या किल्लीला आहे, पार पिवळा पडलाय. एटीएम कार्ड त्याच कपाटात असतं.