हार्नेस चार टोकांचा की सहा टोकांचा?

नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः उभी करायची गाडी, जुळवणारा मित्र अडलाय: हार्नेस, म्हणजे शर्यतीच्या गाडीतला अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट, कोणता घेऊ? (टोकं म्हणजे पट्टे गाडीला बांधायच्या जागा.) "चारचा स्वस्त पडतो रे."

पडतो. शिवाय सीटच्या बुडातून पट्टे काढायची कटकट नाही. पण धडकेत खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा हाडावरून वर सरकतो, माणूस त्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा थेट पोटात रुततो. सहामधले मांड्यांमधून जाणारे दोन पट्टे नेमकं हेच रोखतात. सुरक्षिततेत बरोबरीच नाही.

अँकरचं, म्हणजे पट्ट्याचं टोक गाडीला पक्कं करायचं, काम दोन्हींत सारखंच कडक. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून साधारण १० अंश खाली उतरावेत. ४५ च्या पुढे गेले की धडकेत मणका दाबला जातो. म्हणून फ्लोअरला बोल्ट मारून मोकळं होऊ नका, रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या पोलादी चौकटीच्या) आडव्या नळीला बांधा. फायबर बॉडीला तर अँकर नकोच. पत्र्याला लावायचा तर मागे किमान ३ मिमी जाड, ४० चौ. सेंमीची पोलादी प्लेट हवी.

टिकण्यात फरक नाही. एकदा धडक सोसलेला हार्नेस बाद.

ट्रॅकवर, रॅलीत सहाच. गंगापूर रोडच्या रोजच्या फेऱ्यांना कारखान्यातून येतो तसा तीन टोकांचा रीलवाला बेल्ट बरा. आवळलेल्या हार्नेसमध्ये वाकून बाजूची गाडीही दिसत नाही आणि सैल सोडला तर तो कुचकामी. चारचा फक्त पैसे वाचवायला घेत असशील, तर राहू दे.