कॅट ६ लॅन केबल, ५ मीटर – ९४ वर अडकलेला स्पीड सुटला (४ स्टार)

आधी प्रॉब्लेम काय होता ते सांगते, मग केबलबद्दल. आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट कधीही लावा, ९४. सकाळी ९४, रात्री १२ ला ९४, राउटरच्या शेजारी बसून पण ९४, फार तर ९३. कस्टमर केअरला ४ वेळा फोन केला, प्रत्येक वेळी राउटर बंद करून चालू करा, मग म्हणाले तुमच्या भिंती जाड असतील, शेवटी म्हणाले राउटर जुना झालाय नवीन घ्या. मी घेणारच होते खरं तर.

पण वायफायचा प्रॉब्लेम असता तर आकडा वरखाली झाला असता ना, कधी १५० कधी ४०, हा तर एकाच जागी खिळलेला. मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले, तिथे वॅन पोर्टच्या (बाहेरून नेट येतं ते पोर्ट) पुढे लिंक स्पीड १०० दाखवत होता, खरं तर १००० पाहिजे. म्हणजे फायबरच्या डब्यातून राउटरला जी केबल जाते तिथेच सगळं अडत होतं. १०० च्या लिंकवर टेस्टला ९४-९५ च येतात, बाकीचं डेटाच्या पॅकेटसोबत जी जास्तीची माहिती जाते त्यात जातं. लॅन केबलमध्ये ८ तारा म्हणजे ४ जोड्या असतात, १०० ला २ जोड्या पुरतात पण १००० ला चारही लागतात, त्यामुळे उरलेल्या २ जोड्यांतली एखादी तार आतून तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. म्हणूनच इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. आमची जुनी केबल कपाटामागे पार चेपली होती.

ही केबल लावली, लिंक लगेच १०००, टेस्टला २८७. राउटर तोच, भिंती त्याच!

केबल गोल आहे, चपटी नाही, आणि आत पूर्ण तांब्याच्या तारा आहेत असं लिहिलंय, ते बघूनच घेतली. सीसीए लिहिलेली घेऊ नका, त्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता थर असतो आणि ती वाकवली की लवकर तुटते. बरं एवढ्या स्पीडला कॅट ६ च्या आधीची कॅट ५ई पण चालते, १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस देते, त्यामुळे घरात चांगली कॅट ५ई असेल तर कॅट ६ साठी मुद्दाम खर्च करायची गरज नाही. आणि घ्यायच्या आधी राउटरचे पोर्ट गिगाबिट (१००० वाले) आहेत का ते नक्की बघा, साधे १०० वाले असतील तर कुठलीही केबल लावा, ९४ च राहणार.

एक स्टार कापला तो क्लिपवरच्या रबरी टोपीमुळे. इतकी कडक आहे की क्लिप दाबलीच जात नाही, आमचा राउटर भिंतीला लावलाय आणि पोर्ट खालच्या बाजूला, तिथे बोट नीट पोचतच नाही, काढताना राउटरच ओढला जातो. मी टोपी थोडी मागे सरकवली, तेव्हा कुठे निघाली.