चंद्रकंससाठी तानपुरा लावून घेतला : मिरजेतल्या जवारीच्या कामाबद्दल

तानपुऱ्याची जवारी काढायची, म्हणजे तारेचा नाद घुमता-खुला लागावा म्हणून घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जुळवायची, तर मिरजेलाच, असं मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते. या वेळी काम जरा नाजूक होतं. कोजागरीच्या बैठकीत चंद्रकंस राग गायचा होता. या रागात पंचम नाही, त्यामुळे एरवी पंचमात लावतात ती पहिली तार मध्यमात उतरवायची किंवा निषादात चढवायची. मला निषादच हवा होता. मालकंसातला कोमल निषाद काढून तिथे शुद्ध ठेवला, बाकी कोमल ग, शुद्ध म, कोमल ध तेच. पण तेवढ्यानं सगळी रात्र उजळते! षड्जाच्या अगदी उंबऱ्यावर तो निषाद रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पौर्णिमेला गायला मला तरी याहून जवळचा राग नाही. आज गातात तो चंद्रकंस रूढ करण्याचं श्रेय प्रा. बी. आर. देवधरांना देतात, आणि त्यांचा जन्म मिरजेचाच.

सतारमेकर गल्लीतलं दुकान लहानसं, भोपळ्यांनी भरलेलं. तिथल्या कारागीर चाचांनी आधी तानपुऱ्याला हात लावलाच नाही, "गाणार काय?" एवढंच विचारलं. राग सांगितल्यावर पहिली तार काढून बारीक तार चढवली. जुनी निषादापर्यंत ताणली असती तर तुटली असती. मग घोडीवर पॉलिश पेपर फिरवायचा, तारेखालचं सूत (दोरा) तसूभर सरकवायचं, तार छेडायची, भोपळ्याला कान लावायचा. पुन्हा तेच. मी म्हटलं, जवारी आणखी खुली करा ना. ते म्हणाले, "नको ताई. खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतला गंधार वर येईल. तो शुद्ध, तुमचा कोमल. गाताना टोचेल." बरोबर होतं त्यांचं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानांमुळे!

मला गायला लावून, निषाद तारेत मिसळतोय हे ऐकूनच त्यांनी तानपुरा हातात दिला. बैठकीत तो शेवटपर्यंत उतरला नाही.

तक्रार एकच. संध्याकाळी देतो म्हणाले आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं, मुक्काम करावा लागला. पैसे वाजवी, पण आधी विचारून घ्या. गवसणी घरूनच न्या. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा तानपुरा भाद्रपदातच नेऊन टाका.